अनुक्रमांक चौदा

"आज तरी जिंकले का तुमचे लोकं?" रमाबाईंनी चहाचा कप लॅपटॉपशेजारी ठेवत विचारलं.

श्रीपतरावांनी चष्मा काढून बनियनला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावरचे आकडे परत वाचले. दोष चष्म्याचा नव्हता.

"अकरा-दोन," ते म्हणाले.

"अकरा कोणाचे?"

"त्यांचे."

"मंग दोन तरी आपले हायेत. काल तर भोपळा होता."

अडतीस वर्षांच्या संसारात रमाबाईंनी नवऱ्याला असाच धीर दिला होता. श्रीपतरावांनी चहा उचलला, पण घोट घ्यायचं विसरून ते पुन्हा निकालाकडे बघू लागले. हा एकाहत्तरावा सामना होता आणि त्यांचा संघ बारा संघांत अकरावा होता. बाराव्याशी फक्त एका सामन्याचं अंतर उरलं होतं.

हा खेळ बेसबॉलचा आणि तोही खोटा. म्हणजे मैदान नाही, चेंडू नाही, घाम गाळणारी माणसं नाहीत. अमेरिकेत, ओहायोत राहणारा त्यांचा मुलगा केदार आणि त्याचे अकरा मित्र मिळून कॉम्प्युटरवर बारा संघ चालवत. खेळाडूंची नावंही कॉम्प्युटरनेच रचलेली. ज्याने त्याने आपापल्या संघातून कोण खेळणार आणि कोणत्या क्रमाने, एवढंच ठरवून द्यायचं. तिकडे रात्रीचे नऊ वाजले की कॉम्प्युटर सगळे सामने अर्ध्या मिनिटात खेळून टाकी. तेव्हा इकडे अंबडला, पाचोड रोडवरच्या त्यांच्या घरात, सकाळचे साडेसहा वाजलेले असत.

केदारने संघाचं नाव ठेवलं होतं अंकुशनगर क्रशर्स. त्याचं बालपण तिथल्या साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं होतं, म्हणून. या वर्षी तो म्हणाला, "आप्पा, मला आफिसातून येळ भेटून न्हाई राह्यला. यंदाचा हंगाम तुम्ही सांभाळा. फक्त शेवटचा नंबर येऊ देऊ नका. शेवटी आला त्याचा संघ काढून घेतात अन् दुसऱ्याला देतात."

वेळ मिळत नाही ही थाप होती आणि श्रीपतरावांना ती थाप आहे हे कळलं होतं. त्यांना ती फार गोड लागली. बाप-लेकाचं रविवारचं बोलणं तोवर चार मिनिटांत आटपायचं. तब्येत कशी आहे, बरी आहे, तिकडे थंडी किती, खूप आहे, घे आईशी बोल. संघ आल्यापासून मात्र चाळीस-चाळीस मिनिटं फोन चाले. रमाबाईंच्या वाट्याला फोन येईपर्यंत त्यांची भाजी करपायला लागे आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

खेळातलं श्रीपतरावांना कळत होतं असं मात्र नाही. फलंदाजाने चेंडू मारला की पळायलाच पाहिजे, ही जबरदस्ती त्यांना पटत नव्हती. एकदा तर रिपोर्टमध्ये त्यांच्या एका फलंदाजाबद्दल लिहिलं होतं की तो बघत राहून बाद झाला.

"नुसतं बघत राह्यला म्हणून बाद?" त्यांनी केदारला विचारलं होतं. "मारला न्हाई, चुकला न्हाई, कोणी झेल घेतला न्हाई?"

"हो आप्पा. चेंडू बराबर आल्ता. यानं बॅटच हलवली न्हाई."

"मंग त्यात त्याचा काय गुन्हा?"

केदार पोट धरून हसला होता. इतका हसताना त्याला श्रीपतरावांनी कॉलेजात गेल्यापासून ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावरही ते बराच वेळ एकटेच हसत बसले.

खेळ कळत नसला तरी काम कळत होतं. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात एकतीस वर्षं त्यांच्या हातात तोडणीच्या पाळीचं रजिस्टर होतं. ज्याने उसाची लागण आधी केली त्याची नोंद आधी, ज्याची नोंद आधी त्याला तोडणीची चिठ्ठी आधी. मध्ये कोणी घुसायचं नाही. संचालकाचा फोन आला, भावकीतला माणूस पेढे घेऊन आला, कोणाच्या म्हाताऱ्या आईने पदर पसरला, तरी श्रीपतराव रजिस्टर उलटं करून दाखवत आणि म्हणत, बघा, तुम्हीच वाचा. बदल करायचाच झाला तर लाल शाईने करायचा, शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं आणि खाली पूर्ण सही. इतर टेबलांवरचे लोक शेऱ्यात 'नजरचुकीने' लिहून मोकळे होत. श्रीपतरावांनी हा शब्द एकतीस वर्षांत एकदाही लिहिला नाही. माणसाला नजर आहे तर चूक होतेच कशी, असं ते म्हणत, आणि असं म्हणताना ते जरा चढेलच दिसत.

केदारचा हंगाम शंभर सामन्यांचा आहे हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं होतं. गाळप हंगामही साधारण तेवढ्याच दिवसांचा. त्यांनी एक लांबोडकं रजिस्टर आणलं, पट्टीने रकाने आखले आणि चौदा फलंदाजांची नावं संघात आल्याच्या तारखेप्रमाणे लिहून काढली. खेळायचे नऊ. मग पहिले नऊ खेळतील. त्यातला कोणी जायबंदी झाला की दहावा, दुसरा झाला की अकरावा. एक नंबरला लुईस ओर्तेगा, वय अडतीस, सर्वांत जुना. पानाचा फोटो काढून त्यांनी केदारला पाठवला होता. त्यावर केदारचा नुसता अंगठा आला.

अनुक्रमांक चौदाला नाव होतं केदार कोल्हे.

खेळाडूचं नाव बदलायची मुभा होती आणि पोराने हौसेने एकाला आपलं नाव देऊन टाकलं होतं. प्रत्येकाच्या नावापुढे पडद्यावर तारे असत. ओर्तेगाला दोन, बाकीच्यांना तीन, एखाद्याला साडेतीन. केदारला पाच. ते बघून श्रीपतरावांना हसू आलं होतं. स्वतःच स्वतःला पाच तारे देऊन घेतले लेकाने. एवढ्यावर त्याला पुढे घेतला तर लोक काय म्हणतील, असंही त्यांच्या मनात आलं. कोणते लोक, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. एकाहत्तर सामन्यांत नंबर चौदाची पाळी दोनदा आली होती, तीही सामना संपता संपता.

शिस्त अगदी चोख होती. तरीही संघ हरत होता, आणि त्यांना काही म्हणजे काहीच उमगत नव्हतं.

रविवारचे फोनही आक्रसू लागले होते. चाळीसचे वीस झाले, विसाचे दहा. मागच्या रविवारी केदार म्हणाला, "हारू द्या आप्पा. खेळच हाय तो. आईला द्या."

"याला काय झालं असंल?" श्रीपतरावांनी नंतर विचारलं.

"तिकडं थंडी असंल," रमाबाई म्हणाल्या. मे महिना चालू होता.

*

पुढच्या आठवड्यात ते बँकेत पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काहीतरी विचारायला गेले, तेव्हा बाहेर वडीगोद्रीचे रखमाजी भेटले. जुने ऊसवाले. त्यांनी वाकून रामराम घातला.

"साहेब, तुमच्या टायमाला पाळी म्हंजे पाळी होती. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला तुम्ही वापस लावलं होतं. म्या त्या दिशी लई शिव्या दिल्त्या तुम्हाला." रखमाजींनी हे मोठ्या प्रेमाने सांगितलं.

श्रीपतरावांची छाती फुगली. समोरच्या टपरीवर चहा सांगून त्यांनी रखमाजींना संघाची सगळी हकिगत ऐकवली. रखमाजींना अमेरिका, कॉम्प्युटर आणि बेसबॉल यांतलं काय खरं आणि काय खोटं याचा पत्ता लागला नाही, पण त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"अन् त्यो पोराच्या नावाचा गडी? त्यो चांगला खेळतो का?"

"त्याची धड पाळी आली न्हाई अजून. चौदा नंबरला हाय."

"मंग त्यो कसा खेळतो ते कळावं कसं?"

"पाळी आली म्हंजे कळंल."

"बराबर," रखमाजी म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले. थोड्या वेळाने ते आपल्याशीच बोलल्यासारखे बोलले, "आमच्या मेव्हण्याची पाळी आली तवा उसाला तुरे आल्ते. वजनच भरलं न्हाई."

तो चहा श्रीपतरावांना गोड लागला नाही. घरी येताना त्यांना उगाच दोनदा वाटलं की आपण बँकेत काहीतरी विसरलो आहोत.

*

हंगामाचे सहा दिवस उरले होते. बुधवारी संध्याकाळी गंधालीचा फोन आला. सून नाशिकची, बोलायला मोकळी, पण सासऱ्याला एकटीने फोन करायची तिची ही पहिलीच वेळ. श्रीपतरावांनी आधी घाबरून केदारची तब्येत विचारली.

"तो बरा आहे, आप्पा. ऑफिसला गेलाय. म्हणूनच आत्ता केला. एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्ही केदारला का खेळवत नाही?"

श्रीपतरावांनी रजिस्टर ओढलं. नोंदीच्या तारखेपासून ते सांगू लागले. गंधालीने सगळं ऐकून घेतलं.

"आणि ते पाच तारे हायेत, ते काही खरे न्हाईत," त्यांनी शेवटी समजुतीच्या सुरात सांगितलं. "त्यानं स्वतःच देऊन घेतलेत."

"तारे कॉम्प्युटर देतो, आप्पा. कुणाला स्वतःला देता येत नाहीत. केदारने नुसतं नाव दिलं. तो खेळाडू बारा संघांत सगळ्यात भारी निघाला, तेव्हा हा आठवडाभर नाचत होता घरात."

श्रीपतरावांनी रजिस्टरवरचं बोट उचललं नाही.

"तुम्ही संघ घेतल्यापासून रोज रात्री नऊला लॅपटॉप उघडतो. तुम्ही कुणाची नावं दिलीत ती यादी बघतो आणि बंद करतो. निकाल बघतच नाही. मी म्हटलं, अरे, आप्पांना सांग ना सरळ. तर म्हणाला, सांगून मिळालं तर त्याला काय अर्थ आहे."

फोन ठेवल्यावर श्रीपतरावांनी रजिस्टर मिटलं. त्यांच्या डोक्यात सगळा घोळ झाला होता. जो माणूसच नाही त्याला खेळवलं नाही म्हणून चौतीस वर्षांचा, चांगल्या पगाराचा, लग्न झालेला पोरगा रुसतो कसा? आणि रुसायचंच होतं तर संघ आपल्या हातात दिला कशाला?

त्यांनी हे सगळं स्वयंपाकघरात जाऊन रमाबाईंना विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुम्हाला खरंच आठवत न्हाई?"

"काय?"

"कॉलनीतल्या मॅची."

ते श्रीपतरावांना चांगलं आठवत होतं. कारखाना बंद झाला की उन्हाळ्यात कॉलनीतल्या पोरांचा क्रिकेटचा सामना व्हायचा आणि यादी श्रीपतरावांकडे असायची. ज्याचं नाव आधी आलं त्याची फलंदाजी आधी. स्वतःच्या मुलाचं नाव त्यांनी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी घातलं होतं. साहेबाचा पोरगा म्हणून पुढे घुसवला, असं कोणी म्हणायला नको. निवृत्तीच्या निरोप समारंभात त्यांनी हीच गोष्ट माइकवरून सांगितली होती आणि टाळ्या पडल्या होत्या. केदार तेव्हा पुढच्याच रांगेत बसला होता.

"तीन साल," रमाबाई म्हणाल्या. "तीन साल त्यो दुपारपासून पॅड बांधून बसायचा. मोठ्या माणसाचे पॅड, त्याच्या मांडीपर्यंत यायचे. त्याची पाळी यायच्या आधी मॅच सरायची. घरी येऊन बी सोडू द्यायचा न्हाई मला. झोपल्यावर सोडायचे मी. तिसऱ्या साली पट्ट्याचे वळ उठल्ते पोटऱ्यांवर."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणले, पुढच्या साली नाव जल्दी देऊ द्या त्याला."

श्रीपतरावांना हे आठवेना. आठवत नव्हतं म्हणून ते खोटं ठरवावं, असंही त्यांना वाटेना. रमाबाई खोटं बोलत नाहीत, हे त्यांना रजिस्टराइतकंच पक्कं माहीत होतं. त्यांना फार वाईट वाटलं. कोणावर चिडावं तेही कळेना, कारण यादी त्यांनीच केली होती.

*

तरी लगेच काही झालं नाही. एकतीस वर्षांची सवय एका संध्याकाळी जात नाही. गुरुवारी त्यांनी तीच यादी पाठवली, शुक्रवारीही तीच. शनिवारी लाल पेन काढलं आणि परत खिशाला लावलं. रविवारी केदारचा फोन आला, तो पाच मिनिटंच चालला. बोलू बोलू म्हणत श्रीपतरावांनी ओहायोतल्या हवेची चौकशी केली आणि फोन रमाबाईंकडे दिला.

सोमवारी चित्र स्पष्ट होतं. क्रशर्स आणि आणखी एक संघ तळाला बरोबरीत होते. दोघांचाही एकच सामना उरला होता, तोही एकमेकांशीच. क्रशर्स जिंकले तर अकरावे, हरले तर शेवटचे आणि संघ गेला.

संध्याकाळी श्रीपतरावांनी रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक एकवर, ओर्तेगाच्या नावावर, पट्टी ठेवून लाल रेघ मारली. दोन तारे असले तरी त्या माणसाने नव्याण्णव सामने कुरकुर न करता खेळून दिले होते. वर त्यांनी लिहिलं, केदार श्रीपती कोल्हे. मधलं नाव कॉम्प्युटरवर नव्हतं, ते त्यांनी आपल्या पदरचं घातलं.

"कोणाला काढलं?" रमाबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"ओर्तेगाला."

"त्याला वाईट वाटंल की."

"त्यो काय खरा माणूस थोडाच हाय," श्रीपतराव म्हणाले. पूर्ण हंगामात हे ते पहिल्यांदाच बोलले.

शेऱ्याचा रकाना मात्र रिकामा राहिला. कारण काय लिहावं? चांगला खेळतो, असं लिहिलं तर बाकीचे नव्याण्णव सामने खोटे ठरत होते. त्यांनी पेनचं टोपण दोनदा काढलं आणि दोनदा लावलं. मग रजिस्टर तसंच उघडं ठेवून लॅपटॉपवर नवी यादी पाठवून दिली.

मंगळवारी सकाळी सहापासूनच ते आंघोळ करून बसले होते. साडेसहाला निकाल आला. सहा-पाच. सहा त्यांचे.

संघ गेला होता. श्रीपतरावांनी निकाल बाजूला सारला आणि रिपोर्ट सुरुवातीपासून, एकेक ओळ बोट ठेवून वाचला. केदार कोल्हे पहिलाच फलंदाज. पहिलाच चेंडू त्याने कुंपणाबाहेर घातला होता. पुढे आणखी दोन वेळा तो पळून सुखरूप पोचला होता. शेवटी एका धावेची गरज असताना पुन्हा तोच आला आणि बाद झाला. तिसऱ्या चेंडूला. तिथे जो शब्द होता तो श्रीपतरावांनी दोनदा वाचला, मग शब्दकोश काढून खात्री करून घेतली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. रविवार नव्हता. तरी केदारचा फोन होता.

"आप्पा, आज एक नंबरला पाठवलं त्याला."

"हो."

"कसं काय?"

"असंच." मग त्यांना राहवेना. "शेवटी बाद झाला, पण बघत राहून न्हाई. बॅट फिरवून झाला. म्या बराबर पाह्यलं शब्दकोशात."

केदार हसला. तो पोट धरून हसला नाही, पण हसला.

"संघ मंग कोणाला जाईल आता?" श्रीपतरावांनी विचारलं.

"यादी हाय ना. एक जण दोन सालापासून थांबलाय."

"मंग बराबर हाय. त्याची पाळी हाय." पुढच्या रविवारी काय बोलायचं, हे त्यांना कळत नव्हतं. "मी घालवला तुझा संघ."

"जाऊ द्या, आप्पा. शेऱ्यात काय लिहिलं?"

श्रीपतरावांनी समोरच्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं. पोराला अजून रकाने पाठ होते.

"लिहायचंय अजून."

"लिहिलं की फोटो पाठवा," केदार म्हणाला. मग त्याने फोन ठेवला.

श्रीपतरावांनी लाल पेन काढलं. या वेळी फार विचार करावा लागला नाही. ऑफिसात लिहायचे त्याच वळणदार, सुट्या अक्षरांत त्यांनी शेऱ्यात लिहिलं:

"सदर खेळाडूची पाळी पूर्वीच आली होती. नजरचुकीने राहून गेली."

खाली पूर्ण सही केली आणि तारीख घातली. पंख्याने पान उडत होतं, म्हणून रमाबाईंनी ते एका बाजूने दाबून धरलं. फोटोत त्यांचा कणकेने माखलेला अंगठा आला. श्रीपतरावांनी दुसरा फोटो काढला नाही, तसाच पाठवून दिला.